सुनावणी दिल्लीत, शुल्क अंबडमध्ये

१९ ऑगस्ट २०२३ हा शनिवार होता. कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क लागल्याची बातमी त्या दिवशी लासलगाव-पिंपळगावच्या मोबाइलांवर फिरली, तेव्हा उन्हाळ कांदा अजून चाळीत होता आणि व्यापाऱ्यांचा काही माल बंदराच्या वाटेवर होता. सोमवारी लिलाव बंद पडले. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला आठशे डॉलरचं किमान निर्यात मूल्य आलं, आणि ७ डिसेंबरच्या रात्री थेट निर्यातबंदी. तिन्ही वेळा मसुदा नाही, हरकती मागवणं नाही, सुनावणी नाही. अधिसूचना निघाली की ती लागू.

आता त्याच केंद्र सरकारची, त्याच सीमाशुल्काच्या कायद्यांमधली दुसरी एक तऱ्हा पाहा. चीनमधला एखादा रसायन कारखानदार भारतात पडेल भावाने माल ओततो आहे अशी तक्रार दिल्लीत दाखल झाली, तर सरकार त्याला नोटीस पाठवतं. सोबत तक्रारीची प्रत. त्याच्या देशाच्या सरकारलाही एक प्रत जाते. उत्तराला तीस दिवस मिळतात, मागितले तर पुष्कळदा आणखीही. मग तोंडी सुनावणी, त्यानंतर लेखी म्हणणं, आणि अंतिम निष्कर्षाआधी ‘आम्ही कोणत्या गोष्टींच्या आधारे निर्णय देणार आहोत’ याचं टिपण त्याच्या हातात. त्यावरही त्याला बोलता येतं. एवढं होऊन शुल्क लागलंच, तर अपील करायला न्यायाधिकरण आहे.

मला त्या चिनी कारखानदाराचा राग येत नाही, हेवा वाटतो. कुणावर कर बसवण्याआधी त्याचं ऐकून घ्यावं ही साधी रीत आहे आणि ती इथे पाळली जाते, हे चांगलंच आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. हे शुल्क परदेशी कारखानदाराच्या नावाने लागतं, पण ते भरतो इथला आयातदार आणि शेवटी सोसतो तो माल वापरणारा. त्या वापरणाऱ्याला या सगळ्या प्रकरणात कुठे बसवलं आहे?

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा एक मित्र प्लास्टिकचे सुटे भाग मोल्ड करतो. चार मशिनं, अकरा माणसं, एका मोठ्या कंपनीचं व्हेंडर म्हणून काम आणि बाकी किरकोळ. त्याचं सगळं गणित दाण्यावर चालतं. दाणा म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल. वसाहतीत त्याला दुसरं नाव नाही. काही वर्षांपूर्वी तो वापरत असलेल्या एका दाण्यावर अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे पडेल भावाने येणाऱ्या परदेशी मालावरचं हेच शुल्क, लागलं. त्याला ते कळलं डीलरच्या व्हॉट्सॲप मेसेजवरून: नवा रेट अमुक, जुन्या रेटची ऑर्डर आज संध्याकाळपर्यंत. मी त्याला त्या चौकशीची सुरुवातीची सूचना शोधून दाखवली. राजपत्रातली, व्यवस्थित, तारखेसह. ती वर्षापूर्वीची होती. तो बराच वेळ ती वाचत राहिला आणि म्हणाला, “वर्षभर हे चाललं होतं? आणि आपण इथेच होतो की रे.”

त्याच्या त्या वाक्यामुळे मी या विषयाच्या नादी लागलो. वकील नाही, पण नियम वाचता येतात.

आधी एक गैरसमज बाजूला सारतो, कारण आपल्याकडे स्वस्त चिनी माल दिसला की लोक सरसकट ‘डंपिंग’ म्हणतात. कायद्यात त्याचा अर्थ अरुंद आहे. समजा, लासलगावचा एखादा व्यापारी नाशकात दोन हजार रुपये क्विंटलने कांदा विकतो आणि तोच कांदा दुबईला, वाहतूक वगैरे वजा जाता, दीड हजाराने देतो. हे डंपिंग. पण त्याचा कांदा मुळातच दीड हजाराला परवडतो आणि तो इथेही तिथेही त्याच भावाने विकतो, तर दुबईच्या शेतकऱ्याने कितीही बोंब मारली तरी ते डंपिंग ठरत नाही. घरच्या भावात आणि बाहेरच्या भावात फरक हवा, त्याने तिथल्या उत्पादकाचं नुकसान झालेलं हवं, आणि ते नुकसान त्याच फरकामुळे झालं हे दाखवता आलं पाहिजे. तिन्ही जमलं तरच शुल्क. फरक दोन टक्क्यांहून कमी असेल तर चौकशी थांबते. परदेशी सरकारच्या अनुदानामुळे स्वस्त झालेल्या मालावर लागणाऱ्या शुल्काचंही तसंच. २०२३ मध्ये राज्य सरकारने कांद्याला क्विंटलमागे साडेतीनशे रुपये दिले, ते अनुदान आपल्याला लगेच ओळखू येतं. व्यापाराच्या कायद्यात मात्र ते ठरावीक उद्योगाला किंवा ठरावीक भागालाच मिळतं का, हे आधी तपासतात. सगळ्यांना सरसकट मिळणारी सवलत यात मोडत नाही.

जगात असा कायदा पहिल्यांदा कॅनडाने १९०४ साली केला. आपल्याकडे १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यातली ९, ९अ ही कलमं आणि त्यांखालचे १९९५ चे नियम आहेत. एक संच डंपिंगचा, दुसरा अनुदानाचा. दोन्ही जागतिक व्यापार संघटनेच्या करारांवर बेतलेले. चौकशी करतं वाणिज्य मंत्रालयाचं व्यापार उपाय महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीटीआर म्हणतात. २०१८ मध्ये जुन्या कार्यालयाला हे नवं नाव आणि जास्तीची कामं मिळाली. ते शिफारस करतं. शुल्क लावायचं की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवतं. ही विभागणी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आता नियम. डंपिंगच्या नियमांत सुरुवातीलाच व्याख्या दिल्या आहेत आणि त्यात ‘हितसंबंधी पक्ष’ कोण ते सांगितलं आहे. परदेशी उत्पादक आणि निर्यातदार आहे. आयातदार आहे. या लोकांच्या संघटना आहेत. निर्यात करणाऱ्या देशाचं सरकार आहे. भारतात तसाच माल बनवणारा उत्पादक आणि त्याची संघटना आहे. यादी संपली. तो माल विकत घेऊन त्याचं काहीतरी बनवणारा माणूस या यादीत नाही. मी ती तीन वेळा वाचली, कारण मला वाटलं आपल्या नजरेतून निसटलं असेल.

त्याची सोय पुढे, सहाव्या नियमाच्या पाचव्या पोटनियमात केली आहे. तिथे म्हटलं आहे की औद्योगिक वापरकर्त्यांनाही माहिती देण्याची संधी द्यावी. आणि माल किरकोळ बाजारात सर्रास विकला जात असेल तर ग्राहक संघटनांनाही. चांगलं वाटतं. पण वाक्य तिथे संपत नाही. माहिती कशाबद्दल द्यायची तेही लिहिलं आहे: डंपिंग, नुकसान आणि कार्यकारणभाव. म्हणजे माझ्या मित्राने दिल्लीला जाऊन चीनमधल्या दाण्याचा घरचा भाव काय आहे ते सांगावं, भारतातल्या दाणा उत्पादकाचं नुकसान झालं की नाही ते सांगावं. शुल्क लागल्यावर त्याच्या चार मशिनांपैकी दोन बंद पडतील, हे सांगायला त्या वाक्यात जागा नाही. ज्या दोन गोष्टींची त्याला माहिती असण्याची काडीमात्र शक्यता नाही त्या त्याला विचारायच्या, आणि जी एक गोष्ट तो झोपेतसुद्धा सांगेल ती विचारायची नाही.

ग्राहक संघटनांची गत तर आणखी मजेची. पीव्हीसी रेझीन घ्या. भारताने डंपिंगची पहिली चौकशी केली ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि ती पीव्हीसी रेझीनचीच होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा चीन, जपान, कोरिया, अमेरिका अशा देशांतून येणाऱ्या पीव्हीसी रेझीनवर तात्पुरत्या शुल्काची शिफारस झाली. या रेझीनचा पाइप होतो आणि तो पाइप दिंडोरी-निफाडच्या प्रत्येक द्राक्षबागेत पुरलेला आहे. देशाची पीव्हीसीची गरज देशातल्या उत्पादनापेक्षा कितीतरी मोठी, म्हणजे आयात होणारच. पण शेतकरी रेझीन विकत घेत नाही, पाइप घेतो. म्हणून तो औद्योगिक वापरकर्ता नाही. रेझीन किराणा दुकानात मिळत नाही. म्हणून ग्राहक पंचायतीलाही दार बंद. शेवटी ज्याच्या बांधावर हा खर्च येऊन पडतो तो नियमाच्या भाषेत कुणीच नाही.

आणखी एक कलम मला फार बोलकं वाटलं. सुनावणीत जे तोंडी सांगितलं जाईल ते नंतर लेखी दिलं तरच विचारात घेतलं जाईल. कायद्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही. पुराव्याला कागद हवाच. पण पिंपळगावच्या लिलावात लाखोंची उलाढाल तोंडच्या शब्दावर होते आणि शब्द फिरवणाऱ्याला पुढच्या दिवशी कुणी उभं करत नाही. अशा जिल्ह्यातला माणूस दिल्लीच्या सुनावणीत ऑनलाइन बसला, हिंमत करून दोन वाक्यं बोलला, आणि लेखी द्यायचं राहिलं, तर तो तिथे बोललाच नव्हता. लेखी द्यायचं म्हणजे दिल्लीच्या भाषेत, ठरलेल्या नमुन्यात, गोपनीय एक आणि उघड एक अशा दोन आवृत्त्या करून. हे काम करणाऱ्या फर्म आहेत आणि त्या उत्तम काम करतात. त्यांची फी अकरा माणसांच्या वर्कशॉपच्या आवाक्यातली नाही.

इथे कुणी म्हणेल, मग शुल्कच नको, स्वस्त येतंय ते येऊ द्या. मी त्या पक्षाचा नाही. पेनिसिलीन-जीचं काय झालं ते नाशिकच्या औषध उद्योगात काम केलेल्या कुणालाही विचारा. एके काळी ते भारतात बनत होतं. चिनी भावापुढे एकेक कारखाना बंद झाला, अँटिबायोटिकचा मूळ कच्चा माल पूर्णपणे बाहेरून येऊ लागला, आणि मग २०२० मध्ये तोच पुन्हा इथे बनावा म्हणून सरकारला उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन जाहीर करावं लागलं. गेलेला कारखाना परत आणणं हे असलेला टिकवण्यापेक्षा किती महाग पडतं, त्याचा हा धडा. स्वस्ताईची किंमत कधीकधी दहा वर्षांनी येते.

शिवाय ‘उत्पादक विरुद्ध वापरणारा’ असे दोन तट पाडणंही खरं नाही. नाशिकच्या सातपूरमध्ये टायर बनतात. बाहेरून स्वस्त टायर आले की टायरवाले उत्पादक म्हणून तक्रार करतात. ट्रक-बसच्या चिनी रेडियल टायरांवर २०१७ मध्ये शुल्क लागलं ते असंच. पण टायरमध्ये जाणाऱ्या नायलॉन कॉर्डच्या कापडावर शुल्क लागलं की तेच टायरवाले वापरकर्ते होतात आणि विरोधात उभे राहतात. याच नायलॉन कॉर्डच्या प्रकरणात टायर उत्पादकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. एका अधिकाऱ्याने सुनावणी घेतली, तो बदलला, आणि न ऐकलेल्या दुसऱ्याने निष्कर्ष दिला. जानेवारी २०११ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हे न्यायदानासारखं काम आहे. ज्याने ऐकलं त्यानेच निर्णय द्यायला हवा. या क्षेत्रातला ऐकून घेण्याचा इतका महत्त्वाचा दंडक एका वापरकर्त्याने मिळवून दिला, आणि वापरकर्ता अजूनही व्याख्येच्या बाहेर आहे. अर्थात तो वापरकर्ता मोठा होता. त्याची संघटना होती, वकील होते, दिल्लीचा पत्ता होता.

छोट्यांची अडचण दोन्ही दारांना आहे. वापरणारा म्हणून त्यांना बोलता येत नाही आणि उत्पादक म्हणून तक्रार करता येत नाही. तक्रारीला देशातल्या एकूण उत्पादनापैकी किमान पंचवीस टक्के उत्पादन करणाऱ्यांचा उघड पाठिंबा लागतो. देशात तीन-चार कारखाने असतील तर एका फोनवर काम होतं. उद्या बाहेरून बेदाणा खरंच पडेल भावाने आला, तर पिंपळगावपासून तासगावपर्यंतच्या बागायतदारांचे पंचवीस टक्के कोण गोळा करणार? त्यातल्या प्रत्येकाचा तीन-चार वर्षांचा उत्पादन खर्च कुठल्या वहीत आहे? जागतिक करारात याची जाणीव आहे. उत्पादक अगणित असतील तिथे नमुना घेऊन पाठिंबा तपासावा अशी मुभा आहे. पण मुभा असणं आणि शेतकऱ्याच्या हाती वापरता येईल असा रस्ता असणं, यात दिल्ली-नाशिक एवढं अंतर आहे. त्यामुळे व्यवहारात हा कायदा मोजक्या मोठ्या उत्पादकांच्या उद्योगांचा होऊन बसतो: रसायनं, पोलाद, धागे, फिल्म. आणि त्यांचा माल हा बहुतेक वेळा छोट्यांचा कच्चा माल असतो.

पोलादाचं तर इथल्या प्रत्येक शेडला ठाऊक आहे. एप्रिल २०२५ मध्ये पोलादाच्या सपाट उत्पादनांवर बारा टक्के तात्पुरतं संरक्षक शुल्क लागलं, दोनशे दिवसांसाठी. ते डंपिंगचं नव्हे, वेगळ्या तरतुदीखालचं. पण प्रेसशॉपवाल्याला कलमाचा फरक कळून काय उपयोग, पत्र्याचा भाव त्याला तसाच लागतो. मोठी कंपनी कच्च्या मालाच्या दरातला फरक तीन महिन्यांनी, कधी सहा महिन्यांनी ‘सेटल’ करते. तोवर तो व्हेंडरच्या खिशातून जातो, आणि व्हेंडरच्या हाताखालच्या जॉबवर्कवाल्याला तर तो पुष्कळदा मिळतच नाही. पोलाद कंपनीचं संरक्षण आणि वाहन कंपनीची तीन महिन्यांची सवड, या दोन्हींचा खर्च मधला माणूस बिनव्याजी चालवतो.

मग जनहिताचा विचार कुठेच होत नाही का? होतो, आणि इथेच मघाची विभागणी उपयोगी पडते. महासंचालनालय अलीकडे चौकशीत ‘आर्थिक हिता’ची एक प्रश्नावली पाठवतं आणि अहवालात जनहितावर काही परिच्छेद लिहितं. ही चांगली प्रथा आहे, पण ती प्रथाच आहे. १९९५ च्या नियमांत तशी कसोटी नाही. उत्पादकाची विक्री, नफा, रोजगार, क्षमतेचा वापर, बाजारातला वाटा हे सगळं मोजायची लांबलचक यादी नियमांच्या जोडपत्रात आहे. वापरणाऱ्यासाठी अशी यादी नाही. मग शिफारस अर्थ मंत्रालयाकडे जाते. तिथे तीन महिन्यांची मुदत असते, आणि तिथे जनहित पुन्हा पाहिलं जातं. कुणी पाहिलं, काय पाहिलं, कुणाचं ऐकलं, हे बाहेरच्याला दिसत नाही. कित्येक शिफारशी तिथे नुसत्या विरून गेल्या आहेत. फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात स्टेनलेस स्टील आणि इतर काही पोलादावरची अशी शुल्कं धातूंचे चढे भाव पाहता व्यापक जनहितासाठी मागे घेत असल्याचं जाहीर झालं. मला तो निर्णय बरोबर वाटला होता. आमच्याकडचे बरेच जण खूश झाले होते. पण विचार करा, वर्ष-दीड वर्ष दोन्ही बाजूंचं ऐकून, आकडे तपासून लावलेलं शुल्क एका भाषणातल्या एका वाक्याने गेलं. आज ते आपल्या बाजूने पडलं. कांद्याच्या वेळी असंच एक ‘जनहित’ आपल्या विरुद्ध पडलं होतं.

जनहित बंद खोलीत ठरत असेल, तर ज्याची त्या खोलीत ओळख आहे त्याचं हित म्हणजे जनहित. म्हणून माझी मागणी अशी की ही कसोटी खोलीतून काढून नियमात लिहा. युरोपीय संघाच्या नियमांत एकविसावं कलम याच कामाचं आहे: शुल्क लावण्याआधी देशी उत्पादक, वापरकर्ते आणि ग्राहक या सगळ्यांची हितं एकत्र तोलायची, आणि शुल्क लावणं संघाच्या हिताचं नाही असा स्पष्ट निष्कर्ष निघाला तर ते लावायचं नाही. ब्रिटननेही वेगळं झाल्यावर स्वतःच्या कायद्यात आर्थिक हिताची कसोटी ठेवली. या कसोट्यांनी तिथे शुल्कं थांबतात असं नाही. बहुतेक वेळा लागतातच. पण वापरणाऱ्याचं म्हणणं नोंदलं जातं, त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर न्यायालयात तपासता येतं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला खोडून काढता आलेला नाही, इतपत तो खरा आहे. जनहिताची कसोटी आली की तिचा पहिला फायदा मोठे वापरकर्ते घेतील. वाहन कंपन्या, मोठे आयातदार, ज्यांच्याकडे अर्थतज्ज्ञ आहेत ते. माझ्या मित्राचं नाव पुढे करून ते आपलं काम साधतील. दरवेळी लघुउद्योगाच्या नावाने गळा काढणारा लघुउद्योजकच असतो असं नाही, हे आपण पाहत आलो आहोत. म्हणून नुसती कसोटी पुरायची नाही. छोट्या वापरकर्त्यासाठी दोन पानांचा, मराठीत भरता येईल असा वेगळा नमुना हवा. गेल्या दोन वर्षांत किती माल घेतला, कुणाकडून, काय भावाने, त्याचं काय बनवलं, भाववाढ पुढे ढकलता येते का. पाच प्रश्न. सोबत जीएसटीची बिलं. आणि अशा उत्तरांचं काय केलं हे निष्कर्षात लिहिण्याची सक्ती.

दुसरा आक्षेप वेळेचा: आधीच वर्ष लागतं, वाढवून दीड वर्ष, तोवर उद्योग मरतो. पण तात्पुरतं शुल्क लावायची सोय आहेच. आणि वर्ष लागतं ते परदेशी कंपन्यांचे हिशेब तपासायला; अंबडमधून पाच प्रश्नांची उत्तरं मागवायला वर्ष लागत नाही.

हे नियम बदलायचे तर आधी त्यांवर सल्लामसलत व्हायला हवी, आणि ती कशी व्हावी हेही बोललं पाहिजे. २०१४ मध्ये केंद्र सरकारने स्वतःच ठरवलेलं धोरण आहे: कायदा असो की त्याखालचे नियम, मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवायचा, सोप्या भाषेत त्याचं टिपण द्यायचं, आलेल्या सूचनांचा गोषवाराही जाहीर करायचा. धोरण चांगलं आहे. पण दिल्लीत टाकलेला मसुदा तीस दिवसांत सातपूरला पोचत नाही. तो पोचतो तिथल्याच सल्लागार फर्मपर्यंत, आणि सूचनाही त्याच पाठवतात. ज्यांचं आधीच ऐकलं जातं त्यांना पुन्हा विचारून सल्लामसलत पुरी होते.

नाशिकपुरतं बोलायचं तर नवीन काही उभारायची गरज नाही. जिल्हा उद्योग केंद्र आहे. नाइस, निमा, आयमा या उद्योजकांच्या संघटना आहेत. लासलगाव, पिंपळगाव, नाशिकच्या बाजार समित्या आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा निर्यात प्रोत्साहन समिती आहे, जी निर्यातीचं बोलते; तिच्या विषयपत्रिकेत आयातीची एक ओळ वाढवायला कायदा बदलावा लागत नाही. मसुदा मराठीत येऊ द्या. महासंचालनालयाचा एखादा अधिकारी एक दिवस अंबडला येऊ द्या. देशातल्या दहा-बारा औद्योगिक जिल्ह्यांत असे दहा-बारा दिवस. त्याने परत जाऊन काय लिहिलं ते जाहीर होऊ द्या.

आपलीही एक खोड सांगतो, नाहीतर हे एकतर्फी होईल. मंत्री नाशकात आले की आपण निवेदन देतो. शाल, पुष्पगुच्छ, फोटो, दुसऱ्या दिवशी बातमी. त्या निवेदनात ‘कच्च्या मालाचे भाव वाढल्याने लघुउद्योग अडचणीत’ असं वाक्य असतं आणि आकडा एकही नसतो. आकडे द्यायला कुणी तयार नसतं. शेजारच्या शेडवाल्याला आपला रेट कळेल याची भीती, कर खात्याची त्याहून जास्त. या चौकशांत गोपनीय माहिती वेगळी ठेवण्याची पक्की सोय आहे हे किती जणांना माहीत आहे? उघड प्रत आणि गोपनीय प्रत अशी दोन रूपं त्यासाठीच असतात. आकड्याशिवाय केलेली तक्रार दिल्लीत तक्रार म्हणून मोजली जात नाही, आणि त्यात दिल्लीचा दोष नाही.

आपले नियम नीट असावेत याला एक स्वार्थाचं कारणही आहे. हेच हत्यार दुसरे आपल्यावर चालवतात. इगतपुरी तालुक्यात पॉलिएस्टर फिल्म बनते. भारतातून जाणाऱ्या या फिल्मवर अमेरिकेने जुलै २००२ मध्ये डंपिंग आणि अनुदान, दोन्हींची शुल्कं लावली. त्या प्रकरणांच्या फायलींत केंद्राच्या योजनांबरोबर महाराष्ट्राच्या प्रोत्साहन योजनाही तपासल्या गेल्या: विक्रीकरातली सवलत, वीजशुल्काची माफी. सामूहिक प्रोत्साहन योजनेत आपल्या तालुक्याला कोणता वर्ग मिळतो यावर इथे राजकारण होतं, आणि वॉशिंग्टनमधला अधिकारी त्याच योजनेचं कलम वाचून शुल्काची टक्केवारी काढतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा मंडळाने भारताच्या कित्येक निर्यात योजना नियमबाह्य ठरवल्या. भारताने अपील केलं आणि डिसेंबरमध्ये अपील मंडळच सदस्यांअभावी बंद पडलं. ते प्रकरण तसंच लटकलं, आणि शेवटी २०२३ मध्ये भारत आणि अमेरिकेने ते आपसात मिटवलं. वरचं न्यायपीठ नसल्यावर प्रत्येक देशाच्या घरच्या चौकशीचं वजन वाढतं. तिथे आपल्या निर्यातदाराचं नीट ऐकलं जावं असं वाटत असेल, तर इथल्या चौकशीकडे बोट दाखवता आलं पाहिजे.

आणि चौकशी नुसती नावाला असली तर काय होतं, हे वाइनच्या गावाला सांगायला नको. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाने कोविडच्या उगमाचा तपास मागितला. त्याच वर्षी चीनने ऑस्ट्रेलियाच्या वाइनवर डंपिंगची आणि अनुदानाची चौकशी सुरू केली, आणि मार्च २०२१ मध्ये ११६ ते २१८ टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं. प्रश्नावली, सुनावणी, निष्कर्ष, सगळं कागदोपत्री झालं होतं. ऑस्ट्रेलियाची सर्वांत मोठी वाइनची बाजारपेठ जवळपास रिकामी झाली, द्राक्षं वेलींवर राहिली. दोन्ही देशांचं जमल्यावर मार्च २०२४ मध्ये शुल्क गेलं. त्या तीन वर्षांत द्राक्ष आणि वाइन तीच होती, बदललं होतं फक्त दोन राजधान्यांचं एकमेकींशी बोलणं.

मागच्या महिन्यात मित्राकडे गेलो होतो. त्याच्या आणखी एका दाण्यावर चौकशी सुरू झाल्याचं त्याने या वेळी स्वतः शोधून काढलं होतं. टेबलावर एक फाइल होती. दोन वर्षांची दाण्याची बिलं, वीजबिलं, मोठ्या कंपनीच्या रेट सेटलमेंटचे मेल, आणि शेवटी त्याच्या मुलीने एक्सेलमध्ये करून दिलेला एक तक्ता: किलोमागे पाच रुपये वाढले तर काय, दहा वाढले तर काय, कोणत्या आकड्याला दुसरी पाळी बंद करावी लागेल. हे सगळं कुठे पाठवायचं ते सांग, म्हणाला. मी पत्ता लिहून दिला. बिलं चालतील, भाव चालतील. तक्त्याचं ते शेवटचं पान मी हातात धरून होतो. सहाव्या नियमाच्या पाचव्या पोटनियमात ते कुठे बसत नाही, हे त्याला कसं सांगावं ते सुचेना. तेही जोडून टाक, म्हटलं.